उतरवून घेतलेला नकाशा

गेल्या चैत्रात एका रात्री आईचा दूरध्वनी आला, तेव्हा मी संगणकापुढे बसले होते. "इतक्या रात्री जागी कशी गं?" असे तिने विचारले आणि मी सहज उत्तरले, "नकाशा उतरवून घेते आहे." पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग तिने विचारले, "हातानं?"

मला हसू आले खरे, परंतु तिचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. तिच्या पिढीला 'उतरवून घेणे' या क्रियापदाचा एकच अर्थ ठाऊक आहे. दुसऱ्याजवळची वही, पोथी किंवा अभंगांचे बाड मागून आणावे, आपल्या हस्ताक्षरात त्याची नक्कल करावी आणि मूळ प्रत ज्याची त्याला परत द्यावी, हा तो अर्थ. माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जमाखर्चाच्या एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हरिपाठ असाच उतरवून घेतला होता. संगणकाच्या व्यवहारात इंग्रजी 'डाउनलोड' आपल्याकडे आला, तेव्हा या जुन्या क्रियापदाला नवी चाकरी मिळाली. ती त्याला किती शोभून दिसते, हे आईच्या त्या एका शब्दाच्या प्रश्नामुळे माझ्या ध्यानात आले. पुढचे काही आठवडे मी जे करीत होते त्याकडे मी त्या प्रश्नाच्या उजेडात पाहू लागले. प्रस्तुत लेख हा त्या पाहण्याचा वृत्तान्त आहे.

आसामातील एका केंद्रीय विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून तौलनिक साहित्य शिकविण्यासाठी मी आले आहे. येत्या हिवाळ्यात काही विद्यार्थ्यांसह गोदावरीच्या काठाने 'स्थानपोथी' हाती घेऊन फिरावे, असा माझा संकल्प आहे. मराठीबाहेरच्या अभ्यासकांसाठी एवढे सांगणे अवश्य आहे की, महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर तेराव्या शतकात ज्या ज्या गावी गेले, ज्या देवळात राहिले, ज्या ठिकाणी घटकाभर बसले, त्या स्थानांची नोंद या चौदाव्या शतकातील गद्य ग्रंथात केलेली आहे. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ आहे, त्याचे दार कोणीकडे आहे, तेथून पुढचे स्थान कोणत्या बाजूस लागते, हे त्यात नेमक्या आणि कोरड्या शब्दांत सांगितले आहे. अलंकार नाहीत, स्तुती नाही. भक्ती आहे ती दिशांच्या अचूकपणात. पुढे पंथाच्या अनुयायांनी त्या त्या जागी ओटे बांधले व ते आजही पूजिले जातात.

अशा भ्रमंतीस नकाशा हवा. हातातल्या दूरध्वनीवर तो असतोच, असे कोणी म्हणेल. परंतु तो नकाशा आपला नसतो. आपण विचारावे, त्याने तेवढाच तुकडा दाखवावा आणि आपण पुढे सरकलो की तो तुकडा आवरून घ्यावा, अशी त्याची रीत. नदीकाठच्या खेड्यांत जाळे मिळेनासे झाले की तो कोरा पडतो. शिवाय, 'या तालुक्यातील ज्या गावांच्या नावात पिंपळ आहे ती सगळी दाखव' अशा प्रश्नाला तो आपल्या सोयीने उत्तर देतो, आपल्या सोयीने नाही. पोथीच्या अभ्यासकाला सबंध पोथी हवी असते. दुसऱ्याने वाचून दाखविलेली दोन पाने त्याला पुरत नाहीत.

ही अडचण मी वर्गात बोलून दाखविली, तेव्हा एक संशोधक विद्यार्थिनी म्हणाली, "बाइदेउ, मग सगळाच उतरवून का घेत नाही?" येथे शिक्षिकेला 'बाइदेउ' म्हणतात, थोरल्या बहिणीला म्हणतात तोच हा शब्द. धाकट्या बहिणीने थोरलीला शिकवावे, तशी तिने मला पुढची विद्या शिकविली.

'ओपनस्ट्रीटमॅप' या नावाचा एक सार्वजनिक नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. जगभरच्या स्वयंसेवकांनी तो भरत आणला आहे. त्याचा विशेष असा की, श्रेय दिले आणि अटी पाळल्या की त्याची केवळ चित्रे नव्हेत, तर चित्रांमागची सारी सामग्री कोणालाही नकलून घेता येते. ही सामग्री मुळात फार साधी आहे. अक्षांश-रेखांशांनी ठरलेले बिंदू, बिंदू जोडून झालेल्या रेषा, आणि बिंदू व रेषा यांच्या परस्परसंबंधांच्या नोंदी, एवढे तीनच घटक. प्रत्येकाला 'हे काय' आणि 'याचे नाव काय' अशा जोडशब्दांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. नदी काय, पाऊलवाट काय, नि महादेवाचे देऊळ काय, सारे या तिहींतूनच उभे राहते.

जर्मनीतील कार्ल्सरूए येथील 'जिओफॅब्रिक' ही संस्था या जगड्व्याळ सामग्रीचे देशवार आणि प्रांतवार तुकडे करून रोज नव्याने मांडून ठेवते. भारताचे तेथे सहा विभाग केले आहेत. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात आणि गोवे एकत्र येतात. ही वाटणी करणाऱ्यांच्या मनात चक्रधर असण्याचे कारण नाही. तरीही त्यांचे मूळचे भडोच आणि त्यांचे पैठण एकाच संचिकेत सापडतात. मात्र 'लीळाचरित्रा'च्या एकांकात ते आंध्रदेशी जातात, आणि तेथवर त्यांच्या मागोमाग जायचे तर दक्षिण विभागाची दुसरी संचिका उतरवून पहिलीस जोडावी लागते. भाषेची आणि भक्तीची पावले विभागांच्या रेघा पाळीत नाहीत, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. येथे ते हाताने करावे लागले.

हे उतरवून घेण्याचे काम ज्या साधनाने करायचे ते 'कमांड लाइन'वरचे. काळी चौकट, तीत लुकलुकणारी एक खूण. चित्र नाही, कळ नाही, हे करा वा ते करा अशी सूचना नाही. आपण एक ओळ लिहायची आणि ती यंत्राने पाळायची. 'डब्ल्यूगेट' हे १९९६ पासून प्रचारात असलेले लहानसे साधन. ओळीचा पहिला शब्द तोच. त्यामागे एक आडवी रेघ आणि 'सी' हे अक्षर, आणि शेवटी जी संचिका हवी तिचा पत्ता. क्रिया आधी, क्रियेची रीत मध्ये आणि कर्म शेवटी, असा हा वाक्यविन्यास मराठीच्या अगदी उलट आहे. प्रथम प्रथम माझा हात अडखळे. परंतु त्या ओळीत एक सचोटी आहे. जे लिहिले तेवढेच घडते, आणि काय लिहिले होते ते नंतरही वाचता येते. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला तीच वाट चालायची असेल, तर ती एक ओळ त्याच्या हाती देता येते. 'येथे दाबा, मग तेथे दाबा' हे असे कोणाच्या हाती देता येत नाही.

मधल्या 'सी' या अक्षराचा अर्थ 'पुढे चालू' असा. काम मध्येच तुटले तर पुन्हा प्रारंभापासून न करता, जेथे तुटले तेथून पुढे उतरवावे, ही ती सूचना. लेखनिकाच्या हातून दिवेलागणीला बोरू खाली ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच पानावरच्या त्याच ओळीपासून पुढे लिहू लागतो, तसे हे आहे. मला या अक्षराचा उपयोग लवकरच पडला. चैत्र संपत आला की आसामात सायंकाळी एकाएकी वादळे उठतात. झाडे मोडतात, पत्रे उडतात, दिवे जातात. या वादळाला येथे 'बोर्दोइसिला' म्हणतात. विद्यार्थिनीने सांगितले की ही दूर दिलेली लेक आहे. बिहूच्या सणाला ती माहेरी जायला निघते आणि तिच्या त्या घाईने एवढे वारे सुटते. आईला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे तिला. तिचं माहेर आहे तरी."

या वाक्याकडे मला पुढे यायचे आहे. आधी त्या रात्रीचे सांगते. संचिका काहीशे मेगाबाइटांची होती. निम्म्याहून अधिक उतरली आणि बोर्दोइसिला आली. दिवे गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. संध्याकाळी मी तीच ओळ पुन्हा लिहिली. राहिलेला भाग उतरला, संचिका पूर्ण झाली असे यंत्राने सांगितले आणि मी समाधानाने झोपले.

समाधान टिकले नाही. अशा प्रत्येक संचिकेबरोबर तिच्या शुद्धतेची एक खूण दिलेली असते. सबंध संचिकेवर एक ठरावीक गणित चालवून काढलेली ती एक अक्षरमाला असते. आपल्या प्रतीवर तेच गणित आपण करावे. दोन्ही माला जुळल्या तर नक्कल शुद्ध, एका चिन्हाचा फरक पडला तरी अशुद्ध. या मालेत नेमकी ३२ चिन्हे असतात. आपल्याकडे लेखनिक पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या देत, आणि ३२ अक्षरांचा एक 'ग्रंथ' असे ते मोजमाप होते. त्यावरून प्रत पुरी आहे की नाही हे कळे, आणि लेखनिकाची मजुरीही ठरे. दोन्हीकडे ३२ यावेत हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करण्याचा मोह अभ्यासकाने टाळलेला बरा. पण तो योगायोग पाहून मला आनंद झाला, हे मी लपवीत नाही.

माझी माला जुळली नाही. दोनदा गणित केले, दोनदा तेच. कारण शोधता शोधता जे सापडले ते कोणाही पाठसंशोधकाला तात्काळ उमगेल. मी जो पत्ता दिला होता तो 'अद्यतन' संचिकेचा होता. ती रोज बदलते. पहिला भाग मी एका दिवशीच्या प्रतीतून उतरविला होता आणि वादळानंतरचा उरलेला भाग दुसऱ्या दिवशीच्या. पत्ता एक, नाव एक, ग्रंथ दोन. 'पुढे चालू' ही आज्ञा यंत्राने प्रामाणिकपणे पाळली होती. कोणत्या ग्रंथाच्या पुढे चालू, हे पाहणे माझे काम होते. एका परंपरेच्या पोथीचा पूर्वार्ध आणि दुसऱ्या परंपरेच्या पोथीचा उत्तरार्ध एकत्र बांधला जातो, आणि पुढचे लेखनिक तो मिश्र पाठ अस्सल समजून पिढ्यान्‌पिढ्या नकलीत राहतात, याविषयी मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना बजावीत आले आहे. तीच चूक मी स्वतः एका रात्रीत केली. यावरचा उपायही आपल्या शास्त्रातलाच निघाला. त्याच ठिकाणी दिनांक घातलेल्या संचिकाही असतात, त्या बदलत नाहीत. पुष्पिकेत शक, तिथी आणि वार असलेली पोथी निवडावी, तशी मी दिनांकित प्रत निवडली, ती उतरविली, आणि ३२ चिन्हे जुळली.

उतरवून घेतलेली संचिका उघडून पाहिली तर डोळ्यांना काहीच वाचता येत नाही. जागा वाचावी म्हणून ती आवळून, अंकांच्या सांकेतिक रूपात बांधलेली असते. येथेही महानुभावांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येई, आणि किल्ली नसलेल्याला समोर असलेली मराठी वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली आणि मराठीचे आद्य गद्य अभ्यासकांपुढे आले. भेद एवढाच की, तेथे किल्ली मोजक्यांच्या हाती होती, येथे ती सर्वांसाठी उघडी आहे. 'ऑस्मियम' नावाचे साधन त्याच काळ्या चौकटीतून चालते आणि ही सामग्री सोडवून दाखविते. त्याला पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि उत्तर अशा चार सीमांचे चार अंक दिले की, तेवढाच चौकोन तो मोठ्या संचिकेतून कापून वेगळा काढून देतो.

मी जो पहिला चौकोन कापला तो पैठण, डोमेग्राम किंवा ऋद्धिपूर यांपैकी कशाचाही नव्हता. येथे आईच्या त्या वाक्याकडे यावे लागते.

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. त्याच्या जलाशयाला एकनाथांच्या नावावरून 'नाथसागर' म्हणतात. पूर्ण भरला की तो सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. मराठवाड्यातल्या कोरड्या जमिनीला त्याने पाणी दिले, आणि ते पाणी पीत मीही लहानाची मोठी झाले. त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार मला आहे असे मी मानीत नाही. त्या पाण्याखाली जी गावे गेली, त्यांत माझे आजोळ होते. माझ्या थोरल्या भावाचा जन्म त्या गावातला. माझा जन्म झाला तेव्हा गाव उठून काही वर्षे लोटली होती. बाळंतपणाला आई गेली ती नव्या वसाहतीत, पत्र्याच्या खोलीत. त्या गावाचे नाव मी येथे लिहीत नाही. नाव जिवंत आहे, आणि तीच अडचण आहे.

चौकोन कापला. त्यातून गावांची नावे वेगळी काढली. आजोळचे नाव यादीत होते, आणि माझे मन एकदम हलके झाले. पण अक्षांश-रेखांश पाहिले तेव्हा कळले की, तो बिंदू पुनर्वसित गावाचा आहे. नदीपासून दूर, माळावर. नाव उचलून नव्या जागी नेले होते, माणसे नेली होती तसेच. जुन्या जागी काय आहे म्हणून पाहिले, तर तेथे एका बंद आकृतीच्या आतला भाग होता आणि तिच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता: पाणी. या सामग्रीत प्रत्येक बिंदू दशांश चिन्हानंतर सात स्थानांपर्यंत नोंदता येतो. म्हणजे पृथ्वीवरची जागा सुमारे सेंटीमीटरभर अचूक सांगता येते. त्या अचूकपणाने मला कळले की, तेथे काही नाही.

ही नकाशाची चूक नव्हे. या नकाशाचा नियमच असा आहे की, जे आज जमिनीवर आहे आणि कोणालाही तेथे जाऊन पडताळता येईल, तेच नोंदवावे. नियम शहाणपणाचा आहे. तो नसता तर प्रत्येकाने आपापली स्मृती, आपापला अभिमान आणि आपापले वैर नकाशावर मांडले असते. परंतु या नियमामुळे नकाशाला एकच काळ उरतो, आणि तो वर्तमानकाळ. 'स्थानपोथी'चा नियम नेमका उलटा आहे. श्रीचक्रधर तेथे होते, म्हणून ती जागा नोंदविली जाते. माणूस येऊन गेला, बसला, बोलला, यामुळे तिला स्थान म्हणायचे. आज तेथे काय आहे, हा प्रश्न नंतरचा. एका ग्रंथात जागा आहे म्हणून तिची नोंद होते. दुसऱ्यात जागेवर काही घडले म्हणून. आजोळ शोधायचे, तर मला दुसऱ्या जातीचा ग्रंथ हवा होता.

त्याची अर्धी प्रत अनपेक्षित जागी मिळाली. १९५० नंतरच्या काळात अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने भारत आणि पाकिस्तानचे, अडीच लाखांस एक या प्रमाणाचे नकाशे छापले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सर्वांना उतरवून घेण्यास खुले ठेवले आहेत. धरणाच्या आधीची गोदावरी त्यांत आहे, जुन्या वळणांसह. माझ्या आजोळचा ठिपका त्यात होता, रोमन लिपीत, जरासे मोडलेल्या उच्चाराचे नाव घेऊन. परक्या लष्कराने कोणत्या हेतूने ही गावे मांडून ठेवली असतील ते उघड आहे. पण हेतू काही असो, प्रत राहिली, आणि जिला तिची गरज होती तिच्या हाती ती आली. पोथ्यांच्या इतिहासात असे अनेकदा झाले आहे. मी तो नकाशा आजच्या नकाशावर बसवून पाहिला. ठिपका निळ्या रंगाच्या आत पडला, काठापासून कोसा-दीडकोसावर.

आईला सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वर पाणी किती असेल गं?"

नकाशाजवळ याचे उत्तर नव्हते. त्याच्या लेखी पाणी म्हणजे काठाच्या आतले सगळे. खोली त्याने नोंदविलेली नाही. मी तसे सांगितले. त्यावर ती म्हणाली, "नदीकडून वर आलं की आधी महादेवाचं देऊळ. त्याचं दार उगवतीला. मागं बारव. बारवेच्या अंगानं पांदण निघती, ती वेशीला. वेशीत मारुती. मारुतीच्या उजव्या हाताला चावडी, डाव्या हाताला आमची गल्ली." आणि ती बोलतच राहिली.

मी कागद ओढला. दिशा, दार, पुढचे स्थान, त्याची बाजू. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली आहे आणि 'स्थानपोथी' तिने पाहिलेलीही नाही. पण माणसाला जागा सांगायची असली की ती अशीच सांगावी लागते, हे तिला पोथीइतकेच ठाऊक होते. त्या रात्री मी चौदा स्थाने उतरवून घेतली. हाताने.

या कामाला घाई आहे, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. म्हाइंभटांनी मोठ्या कष्टाने गोळा केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत पुढे धामधुमीच्या काळात हरवली, आणि अनुयायांना ज्या लीळा पाठ होत्या त्यांवरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, अशी परंपरा आहे. ज्याने त्याने आठवले तसे सांगितले. म्हणून त्याचे अनेक पाठ झाले, आणि ज्यांनी ते राखले त्यांच्या नावांनी ते ओळखले जातात. संपादकांना या पाठभेदांनी आयुष्यभर पुरेल एवढे काम दिले. पण पाठभेदांबद्दल खंत करण्यापूर्वी अभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आठवणारी माणसे तेव्हा हयात होती, म्हणून भेद तरी राहिले. ती नसती तर एकच पाठ राहिला असता, कोरा.

आईची यादी मी मामांना वाचून दाखविली. ते तिच्याहून सहा वर्षांनी धाकटे. नव्या गावातच राहतात. ते म्हणाले, "बारव देवळाच्या मागं नव्हती, उत्तरेला होती. २०१६ च्या दुष्काळात पाणी आटलं तेव्हा मी स्वतः जाऊन पाहिली." आईला विचारले, तर ती ठामपणे म्हणाली, "रोज पाणी मीच आणत होते. तो काय सांगतो?" एकाने गाळाने भरलेली बारव चाळीस वर्षांनी एकदा पाहिली, दुसरीने भरलेली बारव लहानपणी रोज पाहिली. यांत प्रमाण कोणते मानावे, याचा निर्णय मला करता आला नाही. दोन्ही बिंदू मी ठेवले. एकाच्या चिठ्ठीवर 'आईचा पाठ' आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवर 'मामांचा पाठ' असे लिहिले.

हे पंधरा बिंदू मी सार्वजनिक नकाशात घातले नाहीत. त्याचा नियम मोडण्याचे कारण नाही. जे होते आणि आता नाही त्याच्यासाठी 'ओपनहिस्टॉरिकलमॅप' हा निराळा प्रकल्प आहे, आणि आईची संमती घेऊन गावाचा व देवळाचा बिंदू मी तेथे देणार आहे. बाकीच्या जागा, कोणाचे घर, कोणाचा गोठा, या घरच्या आहेत. त्या एका लहानशा संचिकेत राहिल्या आहेत. पश्चिम भारताची संचिका काहीशे मेगाबाइटांची. ही काही किलोबाइटांचीच. तिच्या नावात दिनांक घातला आहे, आणि तिच्या शुद्धतेची ३२ चिन्हे मी वहीत लिहून ठेवली आहेत. एक प्रत माझ्याजवळ, एक भावाजवळ आणि एक त्या विद्यार्थिनीजवळ आहे. तिसरी प्रत आसामात कशाला, असे भावाने विचारले. पोथी एकाच गावात ठेवू नये, असे मी त्याला सांगितले.

भावाने ते बिंदू कागदावर छापून आईला दिले. अंकांशी तिला कर्तव्य नव्हते. तिने चष्मा लावला, कागद फिरवून उगवतीची बाजू उगवतीकडे केली आणि बराच वेळ बोट फिरवीत राहिली, असे भावाने कळविले. रात्री तिचा दूरध्वनी आला. बाहेर वारे सुटले होते आणि दिवे जाण्याच्या बेतात होते.

"आमच्या गल्लीतली दोन घरं राहिली," ती म्हणाली. "लिहून घेतेस ना?"